बावीस वर्षांचं हृदय

१९५३ साल. चार महिन्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध छापून आले. पहिला जुलैत, अमेरिकेत. त्याचा सारांश असा, की विशी-बाविशीतल्या धडधाकट सैनिकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून खराब व्हायला लागलेल्या आहेत. दुसरा नोव्हेंबरात, लंडनमध्ये. त्याचा सारांश असा, की कामावर दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाला हार्ट अटॅक कमी येतो.

आता गंमत बघा. सैनिकापेक्षा जास्त हालचाल कोण करतो? पहाटे उठून धावणं, पाठीवर ओझं घेऊन मैलोन् मैल चालणं, खंदक खणणं. मग त्याचं हृदय तर सगळ्यात स्वच्छ असायला हवं. दोन्ही निबंध एकाच वेळी खरे कसे?

तर ते दोन्ही खरे होते. पण हे नीट समजायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते अजूनही समजलेलं नाही. "मी आठवड्याला तीनदा जिमला जातो, मला काय होणार?" हे वाक्य तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तुम्हीही ऐकलं असेल. म्हणून आजचा हा लेख.

ओझं, पट्टे आणि धडधड

गोष्ट जरा मागे नेऊया. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. त्या काळात फिलाडेल्फियाच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये जेकब मेंडिस दा कोस्टा नावाच्या डॉक्टरकडे विचित्र पेशंट येऊ लागले. तरुण सैनिक, छातीत धडधड, दुखणं, थोडं चाललं की धाप. तपासलं तर हृदयात ठोस बिघाड काही सापडत नव्हता. अशा तीनशेहून जास्त सैनिकांचा अभ्यास करून त्याने १८७१ साली निबंध लिहिला. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी ताप किंवा जुलाब झाले होते आणि अंगात ताकद यायच्या आत त्यांना पुन्हा मोहिमेवर जावं लागलं होतं. या दुखण्याला पुढे लोक 'सोल्जर्स हार्ट', म्हणजे सैनिकी हृदय म्हणायला लागले.

त्याच सुमारास ब्रिटिश सैन्यातही हीच तक्रार होती. तिथल्या डॉक्टरांनी दोष दिला पाठीवरच्या ओझ्याला आणि छातीवर करकचून आवळलेल्या पट्ट्यांना. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला समज साधारण असा होता, की फार श्रम केले तर हृदय थकतं. उपाय काय? विश्रांती.

या समजाला धक्का दिला सर थॉमस लुईस यांनी. पहिल्या महायुद्धात 'हृदयविकार' असा शिक्का बसलेले हजारो ब्रिटिश सैनिक आघाडीवरून परत येत होते. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या हॉस्पिटलमध्ये लुईसच्या चमूने त्यांना तपासलं. बहुतेकांच्या हृदयात रचनेचा दोष नव्हताच. मग लुईसने त्यांना अंथरुणावरून उठवलं आणि कवायतीला लावलं. आधी हलकी, मग थोडी जड, मग अजून जड. कोण कितपत झेपवतो यावरून कोणाला आघाडीवर पाठवायचं, कोणाला हलकं काम द्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं हे ठरायचं. व्यायाम हेच निदान आणि व्यायाम हाच उपचार! त्या काळाच्या मानाने हे फार धाडसाचं होतं.

या लुईसची स्वतःची गोष्टही सांगण्यासारखी आहे. हृदयाच्या ईसीजीचा हा मोठा जाणकार. आणि हा गृहस्थ स्वतः सिगरेटी ओढायचा, त्याही भरपूर. ४५ व्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला, तेव्हा त्याने सिगरेट सोडली. १९४५ मध्ये तो हृदयविकारानेच गेला. सैनिकाचं हृदय श्रमाने बिघडत नाही हे त्याने दाखवलं. मग ते कशाने बिघडतं, हा प्रश्न शिल्लकच होता.

कोरिया: ३०० शवविच्छेदनं

त्या प्रश्नाचा पहिला मोठा पुरावा मिळाला तो कोरियन युद्धात (१९५०-५३). अमेरिकन लष्करातले विल्यम एनॉस, रॉबर्ट होम्स आणि जेम्स बेयर हे डॉक्टर लढाईत मेलेल्या सैनिकांची शवविच्छेदनं करत होते. जखमा कशा झाल्या याबरोबर त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्याही उघडून पाहायला सुरुवात केली. हृदयविकार हा तेव्हा पन्नाशी-साठीतल्या माणसांचा आजार समजला जायचा. या पोरांमध्ये काय सापडणार?

एकूण ३०० हृदयं तपासली. ज्यांच्या वयाची नोंद होती त्यांचं सरासरी वय निघालं २२.१ वर्षं. आणि ७७.३ टक्के हृदयांमध्ये रक्तवाहिन्यांच्या आजाराची नुसत्या डोळ्यांना दिसणारी चिन्हं होती. काहींमध्ये आतलं अस्तर जरासं जाड झालेलं, तर काहींमध्ये चरबीच्या थराने मोठी रक्तवाहिनी पार बंद झालेली.

जरा थांबून विचार करा. ही मुलं भरती होताना वैद्यकीय तपासणीतून पास झालेली होती. कवायत करत होती, डोंगर चढत होती, लढत होती. छातीत दुखतंय अशी तक्रार त्यांनी केलेली नव्हती. ती मेली गोळीने किंवा बॉम्बने. पण त्यांच्या छातीत आणखी एक गोष्ट हळूहळू वाढत होती, ज्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

पुढे व्हिएतनाम युद्धात हाच प्रयोग पुन्हा झाला. १९७१ साली छापलेल्या त्या अभ्यासात १०५ सैनिकांची हृदयं तपासली होती. ४५ टक्क्यांमध्ये आजाराची काही ना काही खूण सापडली, पण गंभीर म्हणावा असा आजार फक्त ५ टक्क्यांमध्ये. आकडा कोरियापेक्षा कमी होता, पण निष्कर्ष तोच: हा आजार पन्नाशीत सुरू होत नाही. पन्नाशीत तो फक्त दिसतो.

आणि या सैनिकांच्या खिशात काय असायचं? सिगरेट! अमेरिकन सैनिकाच्या रेशनच्या पाकिटात बिस्किटं, कॉफी, आगपेटी यांच्यासोबत सिगरेटी दिल्या जायच्या. दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम, सगळीकडे. १९७० च्या दशकात कधीतरी हे थांबलं. १९८० मध्येसुद्धा अमेरिकन सैन्यातले जवळजवळ निम्मे लोक धूम्रपान करत होते. म्हणजे सकाळी सरकारी खर्चाने व्यायाम आणि दुपारी सरकारी खर्चाने सिगरेट. असो.

लंडन: ड्रायव्हर आणि कंडक्टर

आता दुसरा निबंध. तो लिहिला जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी. मॉरिस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर होता, आणि त्याची बरीचशी नोकरी आपल्याकडे भारतात आणि ब्रह्मदेशात झाली होती. युद्धानंतर त्याने एक साधा प्रश्न घेतला: हार्ट अटॅकचा माणसाच्या कामाशी काही संबंध आहे का?

त्यासाठी त्याला एक झकास नमुना सापडला. लंडनच्या दुमजली बस. प्रत्येक बसमध्ये दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर वरखाली करणारा. एक कंडक्टर एका दिवसात ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. दोघांचा पगार, वस्ती, खाणंपिणं साधारण सारखंच. म्हणजे फरक मुख्यतः एकच, हालचाल. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० कामगारांच्या नोंदी त्याने पाहिल्या. कंडक्टरांना हृदयविकार कमी, झाला तर उशिरा, आणि त्यातून अचानक मृत्यू येण्याचं प्रमाणही कमी.

इथे आपल्यातला एखादा डेटावाला लगेच हात वर करेल. "थांबा, कदाचित मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील!" मॉरिसलाही ही शंका आली. त्याने काय करावं? कंपनीने कामगारांना शिवून दिलेल्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापं तपासली. १९५६ मध्ये हा निबंध आला. आणि खरंच, ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त होती! स्वतःच्या सिद्धांतात भोक पाडणारा पुरावा स्वतःच शोधून स्वतःच छापायचा, याला म्हणतात शास्त्रज्ञ. मात्र पुढे कमरेचं माप सारखं असलेल्यांची तुलना केली तरी ड्रायव्हर मागेच पडले. नंतर मॉरिसने हजारो सरकारी कारकुनांचा अभ्यास केला. सगळ्यांचं काम बसूनच. पण त्यातले जे फावल्या वेळात दमछाक होईल असा व्यायाम करायचे, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास होतं. मॉरिस २००९ मध्ये गेला, वयाच्या ९९ व्या वर्षी. :)

दोन्ही खरं कसं?

आता मूळ कोड्याकडे येऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर लोड टेस्टमध्ये पास झाला म्हणून त्याची डिस्क भरत नाहीये असं होत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

फिटनेस म्हणजे काय? हृदय एका मिनिटात किती रक्त ढकलू शकतं आणि स्नायू त्यातला किती ऑक्सिजन वापरू शकतात. हे व्यायामाने काही आठवड्यांत सुधारतं. आणि आजार म्हणजे काय? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठत जाणारं कोलेस्टेरॉल आणि त्याभोवतीची सूज. हे साठायला दशकं लागतात. रक्तातलं एलडीएल, रक्तदाब, सिगरेट, मधुमेह, आईवडिलांकडून आलेली जनुकं, या सगळ्यांचा त्यात वाटा. आणि रक्तवाहिनी बऱ्यापैकी अरुंद होईपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही. शिवाय, फारशा अरुंद नसलेल्या जागीही तो थर फुटला, तर त्यावर रक्ताची गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. म्हणून कोरियातला सैनिक डोंगर चढत होता.

मग व्यायामाचा उपयोग काय? भरपूर! रक्तदाब उतरतो, साखर ताब्यात राहते, रक्तवाहिनीचं अस्तर निरोगी राहतं, गुठळी होण्याची प्रवृत्ती कमी होते. मॉरिसच्या कंडक्टरांना याचाच फायदा झाला. पण व्यायामाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. सिगरेट आणि एलडीएल यांचा हिशोब वेगळा लिहिला जातो.

सेनापतीचा अटॅक

हे जगाला सगळ्यात ठळकपणे दाखवलं ते एका सैनिकानेच. ड्वाइट आयझेनहॉवर. तरुणपणी लष्करी अकादमीत फुटबॉल खेळणारा, युरोपात दोस्त सैन्याचा सरसेनापती आणि १९५३ पासून अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. गोल्फचं जबरदस्त वेड. सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हरला सुट्टीवर असताना दिवसभर गोल्फ खेळला आणि मध्यरात्रीनंतर छातीत कळा सुरू झाल्या. सुरुवातीला त्याच्या डॉक्टरला वाटलं, पोटाचं दुखणं आहे. (ओळखीचं वाटतंय ना? "ॲसिडिटी असेल" हे वाक्य आपल्याकडे किती जणांना महागात पडलंय!) वय ६४. सिगरेट त्याने १९४९ मध्येच सोडली होती, पण त्याआधी कित्येक वर्षं दिवसाला चार-चार पाकिटं ओढलेली.

बातमी फुटल्यावर सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. १४ अब्ज डॉलर एका दिवसात साफ! बोस्टनहून पॉल डडली व्हाइट हे हृदयतज्ज्ञ आले. त्यांनी पत्रकार परिषद घेऊन हार्ट अटॅक म्हणजे काय हे साध्या भाषेत देशाला समजावलं. व्हाइट स्वतः सायकल चालवणारे आणि चालण्याचे पुरस्कर्ते. अटॅकनंतरचं आयुष्य खुर्चीत बसून काढायचं नसतं, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं. आयझेनहॉवर सात आठवड्यांनी हॉस्पिटलमधून बाहेर पडला आणि १९५६ ची निवडणूक लढवून जिंकलाही. शेवटी १९६९ मध्ये तो हृदयाच्याच आजाराने गेला.

बारा मिनिटांची परीक्षा

१९६० च्या दशकात अमेरिकन हवाई दलात केनेथ कूपर नावाचा डॉक्टर होता. हवाई दलाला हजारो माणसांचा फिटनेस मोजायचा होता. प्रयोगशाळेत ट्रेडमिल आणि मास्क लावून एकेकाला तपासायला वेळ आणि पैसा लागायचा. कूपरने शॉर्टकट काढला: १२ मिनिटं धावा, किती अंतर कापलं तेवढं सांगा. हवाई दलाच्या ११५ जणांना त्याने दोन्ही पद्धतींनी तपासलं. दोन्हींचा मेळ ०.८९७ इतका बसला. एक घड्याळ आणि एक मैदान यांच्या जोरावर! हे १९६८ मध्ये छापून आलं, आणि त्याच वर्षी आलं त्याचं 'एरोबिक्स' हे पुस्तक. हा शब्द घरोघरी पोचला तो त्यानंतर.

त्याच्या तक्त्यात तिशीच्या आतल्या पुरुषाने १२ मिनिटांत दीड मैल कापला तर शेरा 'चांगला'. दीड मैल म्हणजे साधारण २.४ किलोमीटर. याच चाचणीचं दुसरं रूप म्हणजे दीड मैलाला किती वेळ लागतो ते मोजायचं. तुमचा कोणी मित्र एनडीएच्या तयारीत असेल तर २.४ हा आकडा त्याच्या तोंडी पाठ असतो. भारतीय सैन्याच्या शारीरिक चाचणीतही २.४ किलोमीटरची दौड असते. १९७० चा फुटबॉल वर्ल्ड कप जिंकलेल्या ब्राझीलच्या संघानेही कूपरच्या पद्धतीने तयारी केली होती. ब्राझीलमध्ये जॉगिंगला 'कूपर' म्हणतात ते त्यामुळेच.

कूपरने फिटनेस मोजणं सोपं केलं. पण सोप्या मोजमापाचा एक धोका असतो. जे मोजता येतं तेच सगळं, असं आपण समजायला लागतो. १९८४ मध्ये जिम फिक्स, धावण्यावर तुफान खपलेलं पुस्तक लिहिणारा माणूस, धावतानाच हार्ट अटॅकने गेला. वय ५२. लोक म्हणाले, बघा, धावून काय मिळवलं? पण त्याच्या वडिलांना ३५ व्या वर्षी पहिला अटॅक आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. धावणं सुरू करण्यापूर्वी फिक्स स्वतः दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. कदाचित धावण्यानेच त्याला वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त मिळाली. पुढच्याच वर्षी कूपरने एक पुस्तक लिहिलं, न घाबरता धावायचं कसं यावर. त्याचा मुद्दा सरळ होता: धावा, पण तपासणी करून.

मग व्यायाम करताना मरण्याचा धोका किती? याचंही उत्तर सैन्यातूनच येतं. १९७७ ते २००१ या २५ वर्षांत अमेरिकन सैन्यात ६३ लाख नवे भरती झाले. प्रशिक्षणात, कोणतीही जखम नसताना, अचानक मेले १२६. त्यातले ८६ टक्के मृत्यू व्यायामाशी जोडलेले होते, पण कारणं बहुतेक वेगळी होती. ज्यांच्या हृदयात दोष सापडला, त्यांच्यात रक्तवाहिनीची जन्मजात विचित्र ठेवण हे मोठं कारण होतं. ६३ लाखांत १२६! सोफ्यावर बसून राहण्याचा धोका यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणि २०१२

साखळीतली पुढची कडी आली २०१२ मध्ये. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत २००१ ते २०११ या काळात मेलेल्या ३,८३२ अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास. सरासरी वय सुमारे २६. रक्तवाहिन्यांचा आजार सापडला ८.५ टक्क्यांमध्ये, गंभीर फक्त २.३ टक्क्यांमध्ये.

७७ वरून ८.५! टाळ्या वाजवण्याआधी एक गोष्ट. हे तिन्ही आकडे एकाच मोजपट्टीचे नाहीत. कोरियात जरासा जाडसरपणाही मोजला होता. शिवाय तेव्हा सक्तीची भरती होती, आता सैन्य स्वेच्छेचं आहे, म्हणजे मुळात निरोगी मुलंच येतात. तरीही धूम्रपान घटलं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर उपचार आले, आणि त्याचा परिणाम झाला हे अभ्यासकही मानतात.

पण त्याच अभ्यासातली दुसरी जोडी बघा. २४ वर्षांपर्यंतच्या सैनिकांत प्रमाण ६.६ टक्के. चाळीस आणि त्यापुढच्यांत ४५.९ टक्के. हेही सगळे फिटनेसची परीक्षा देणारे, गणवेशातले लोक. चाळिशीत जवळपास निम्म्यांना!

आणि आपण

आपण कोण? आपण लंडनच्या बसचे ड्रायव्हर. फरक एवढाच, की आपली बस हिंजवडीत एका जागी उभी असते आणि आपण तिच्यात दहा तास बसतो. त्यात आणखी एक भर. २००७ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ निघालं, बाकी जगात ५८.८. म्हणजे आपलं घड्याळ जवळजवळ सहा वर्षं पुढे आहे. आणि कारणं काही गूढ नाहीत. तीच: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, बैठी जीवनशैली.

त्यामुळे दोन्ही निबंध एकत्र वाचायचे. मॉरिसचा निबंध सांगतो: उठा, जिना वापरा, दम लागेल असं काहीतरी आठवड्यातून अनेकदा करा. कोरियाचा निबंध सांगतो: तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकण्याआधी त्यातला एलडीएल, रक्तदाब आणि साखर यांचे आकडे वाचा आणि दरवर्षीचे शेजारी शेजारी लिहून ठेवा. घरात कोणाला लवकर अटॅक आला होता का, हे आईबाबांना एकदा विचारा आणि डॉक्टरला सांगा. चहाच्या टपरीवरची 'एकच' सिगरेट सोडा. हाफ मॅरेथॉनचं मेडल भिंतीवर छान दिसतं, पण ते पंपाचं सर्टिफिकेट आहे, नळाचं नाही.

कोरियातल्या त्या ३०० मुलांना आपल्या छातीत काय चाललंय हे कळायची सोयच नव्हती. एलडीएलची साधी चाचणीही तेव्हा हाताशी नव्हती. आपल्याला ती कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मिळते, एका पिझ्झाच्या पैशात.